अस्वलाचा कान

शेजारचे वसंतकाका जर्मनीत नोकरीला होते, तेव्हापासून तिथल्या जुन्या, चिनी मातीच्या प्राण्यांच्या मूर्ती जमवतात. काकूंचे हात हल्ली थरथरतात, तरी मूर्ती पुसायचं काम त्या कुणाला देत नाहीत. काल मी तिथे बसले असतानाच त्यांच्या हातून अस्वल निसटलं आणि त्याचा कान उडाला.

"अहो, आता तुम्हीच पुसत जा," फडकं खाली ठेवत काकू म्हणाल्या.

काकांनी अस्वल उचललं, तुटक्या कानावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता रागावतील. जपणं म्हणजे कपाटाला कुलूप घालणं, असंच आपण धरून चालतो. काकांनी मात्र सगळ्यांत नाजूक पायांचं हरीण काढलं आणि काकूंच्या हातात दिलं.

"पुस," ते म्हणाले, "घाई नाही."