रिमोट काकांच्या हातात होता

गेल्या रविवारी दुपारी माझ्यावर बंदी येता येता राहिली. तीही इथे जबलपुरात, विजय नगरला देशकर काकांच्या हॉलमध्ये, हातात पोह्यांची प्लेट असताना...

आम्ही दहा-बारा मराठी घरं महिन्यातून एकदा जमतो नि सिनेमा बघतो. ज्याची पाळी त्याची निवड. संपल्यावर प्रत्येकानं मत द्यायचंच, नुसते पोहे खाऊन पळायचं नाही.

यावेळी माझी पाळी होती. मी लावला एक जुना इटालियन थ्रिलर... तिकडे या प्रकाराला जाल्लो म्हणतात. काळे हातमोजे घातलेला खुनी, लालभडक उजेड, रिकामे जिने आणि अंगावर काटा आणणारं म्युझिक. मला हे सिनेमे वेड्यासारखे आवडतात, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मतं सुरू झाली. म्युझिक झकास, यावर एकमत. पण खुनी म्हणून शेवटी घरमालकीण निघते, ते कुणालाच पटेना.

"ती एकदम कुठून टपकली? काहीही दाखवून राहिले!" सुषमा दीदी म्हणाल्या. त्या माझ्या शेजारीण, एरवी माझ्याच बाजूच्या.

काकांनी तर निकालच दिला. "देखो बेटा, इथे सगळे फॅमिलीवाले. यापुढे तुझा पिक्चर पहिले आम्ही पाहून घेऊ, मग लावू." दोन-तीन माना हलल्यासुद्धा.

मला भयंकर राग आला. घरी टीव्ही सासऱ्यांचा, शाळेत शिकवायचं ते सिलॅबसमधलं. वर्षातली ही एकच दुपार माझ्या आवडीची, आणि तिलाही आता परवानगी लागणार?

तेवढ्यात माझं लक्ष काकांच्या हातातल्या रिमोटकडे गेलं...

आमच्याकडे एक पद्धत आहे. 'तसला' सीन आला की काका फॉरवर्ड करतात नि बाकीचे गुपचूप पोह्यांतले शेंगदाणे शोधतात. खोटं कशाला बोलू, मीही त्या दिवशी प्लेटमध्येच बघत होते.

सिनेमात पहिल्या खुनानंतर मेलेल्या बाईच्या मुठीत एक बटण सापडतं. मी सिनेमा आधी पाहिलेला, म्हणून आठवलं... ते बटण कुणाच्या कोटाचं, हे कळतं नेमकं काकांनी फॉरवर्ड केलेल्या सीनमध्ये. म्हणजे पुरावा आम्हीच गायब केला होता, नि वर गोष्टीला नावं ठेवत होतो!

मी उठले. "काका, तुम्ही फॅक्टरीत तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं ना? माल न बघता कधी रिजेक्ट केला काय?"

"वो बात अलग है," काका पुटपुटले.

"काहून अलग?" मी म्हटलं, आणि रिमोट घेतला. त्यांच्या हातातून. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आत जाऊन चहा टाकावा, असं सांगून मी सीन लावला. कुणीही उठलं नाही.

नायक-नायिका घरमालकिणीच्या खोलीत चोरून भेटतात. ती दोघं मिठीत, आणि मागे उघड्या कपाटात घरमालकिणीचा काळा कोट...

"अरे! बटण नाही आहे त्याला!" सुषमा दीदी ओरडल्याच.

काकांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली. "जरा मागे घे तर." मी घेतलं. "अजून एकदा." तो सीन आम्ही सगळ्यांनी मिळून तीनदा पाहिला, काकांच्या फर्माइशीवर!

मग काका म्हणाले, "पसंत तर नाहीच आला मला. पण रिजेक्ट करायला कारण नाही." बंदीचा विषय तिथेच संपला.

नावं ठेवा ना, खुशाल ठेवा... तुमचा हक्कच आहे तो. पण आधी पूर्ण बघा. पुढच्या पाळीलाही मी जाल्लोच लावणार आहे. आणि काका, तीनदा बघितल्याबद्दल मनापासून थँक यू... रिमोट मात्र तेव्हा माझ्याकडेच राहील.