सीलबंद रविवार

आमच्या हॉलमधल्या कपाटात तेवीस व्हिडिओ गेम होते, सगळे प्लास्टिकच्या वेष्टनात, जसे दुकानातून आले तसे. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांनी ते खाली काढले, फडक्याने पुसले आणि सांगून टाकलं, "आता एकेक करून संपवायचे. छोटी येईपर्यंत हात बसला पाहिजे." मी चहा गाळत होते, ती गाळणं धरून तशीच उभी राहिले. त्या तेवीसपैकी बावीस गेम कधीच संपले होते. मी आणि छोटीने संपवले होते, आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता.

छोटी म्हणजे आमची मुलगी. एकतीस वर्षांची घोडी झाली तरी छोटीच.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. चौतीस वर्षं. लिफ्ट रविवारीच बंद पडते, असा ह्यांचा सिद्धांत होता, कारण त्या दिवशी सगळी बिल्डिंग एकदम खाली उतरते आणि एकदम वर चढते. आत कोणी अडकलं की दुसरे मेकॅनिक आधी हत्यारं काढतात. हे आधी दाराला कान लावायचे, मग बाहेर पायरीवर बसायचे आणि आतल्या माणसाला सांगायचे, "घाई करू नका. मी इथेच आहे." इतक्या शांतपणे सांगायचे की आतलं रडणं थांबायचं. एका बाईंनी तर दार उघडल्यावर विचारलं होतं, अजून थोडा वेळ बोलाल का. घरात मात्र हे वाक्य मी कधी ऐकलं नाही, कारण हे इथे नसायचेच.

छोटी आठ वर्षांची असताना ह्यांनी गेमचं यंत्र आणलं, दोन कंट्रोलरसकट. गेम निवडायचे ते दोघांनी मिळून खेळायचे. खेळातल्या एका माणसाने ठरलेल्या फरशीवर उभं राहायचं, तेव्हा दुसऱ्यासाठी दार उघडणार. "अगदी आमच्या कामासारखं," म्हणायचे, "एक जण वर, एक जण खाली." मग छोटीला, "रविवारी फोडू हं." रविवार यायचा, फोन वाजायचा, हे पिशवी उचलून निघायचे. भरपाई म्हणून काही महिन्यांनी नवा गेम यायचा आणि कपाटात जुन्यावर चढायचा.

एका रविवारी छोटी गेमचा डबा मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसून राहिली. मला बघवेना. म्हटलं, "फोड."

"बाबांना वाईट वाटेल."

"त्यांना कळलं तर ना."

मी तेव्हा लॉन्ड्रीत इस्त्री आणि पॅकिंगला होते. शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पट्टीखाली दाबला की पिशवीचं तोंड चिकटतं. गेम खेळून झाला, की सोमवारी मी डबा जेवणाच्या पिशवीतून न्यायचे आणि सुट्टीत नवं वेष्टन चढवून आणायचे. चोराच्या मनात चांदणं. कपाटाचं दार लावताना मी तीनतीनदा मागे वळून बघायचे.

त्या रविवारच्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. पडदे ओढले की टीव्हीच्या उजेडात हॉल निळा व्हायचा, भिंतींवर पाणी हलायचं. मला उडी मारता यायची नाही, म्हणून छोटी मला फरशीवर उभी करून पुढे जायची. मी नुसती उभी. पण उभ्या उभ्या मी बर्फाचं रान पाहिलं, त्यात दोन कोल्हे माझ्या पायाशी येऊन झोपले. पाण्याखालचं गाव पाहिलं, तिथल्या खिडक्यांत दिवे होते आणि माणूस एकही नव्हता. आकाशात चालणारी होडी पाहिली. दुसऱ्या दिवशी कॉलरवर इस्त्री फिरवताना वाफ उठायची आणि मी पुन्हा त्या होडीत असायचे. बाही दुमडायची राहून जायची. आता एवढं सांगतेच आहे तर हेही सांगते. कधी कधी जिन्यात पावलं वाजली की मला वाटायचं, हे आत्ताच येऊ नयेत.

तेविसावा गेम दीपगृहाचा होता. शेवटच्या दारापाशी पोचलो आणि छोटीचं हॉस्टेल सुरू झालं. तो तिथेच राहिला.

तर निवृत्तीनंतर ह्यांनी पहिला डबा हातात घेतला. उलटा केला, चिकटवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, "हं" म्हणाले आणि फोडला. यंत्र सुरू केलं तर टीव्हीवर दोन ओळी: 'पुढे सुरू करा' आणि 'नवा खेळ'. पहिल्या ओळीखाली बारीक अक्षरांत तारीख आणि नावं होती, छोटी आणि आई. वेष्टन चिकटवायची अक्कल मला होती, पण यंत्र सगळं लक्षात ठेवतं हे कोणी सांगितलं नव्हतं. छोटीला माहीत असणार. तिला ते पुसायचं सुचलं नाही, किंवा पुसवलं नाही. ह्यांचा चष्मा कपाळावर होता. ह्यांनी 'नवा खेळ' दाबलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे सहा महिने हे रोज सकाळी त्या जगात जायचे. दुसऱ्या कंट्रोलरच्या बटणावर लाकडाची छोटी पाचर ठेवून वरून रबर लावलेलं, म्हणजे जोडीदार फरशीवरून हलायला नको. त्या जोडीदाराला हे सांगायचे, "थांब हं, आलोच." शत्रू दिसला की वाट सोडून लांबून जायचे. समुद्र दिसला की कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत बसायचे. सहाव्या गेममध्ये एक लिफ्ट आहे, तिच्यापुढे दोन दिवस अडले, कारण "दोर असा लागतच नाही, ह्या लिफ्टमध्ये मी पाय ठेवणार नाही."

मी घड्या घालत दारात उभी. एकदा तोंडातून निघून गेलं, "अहो, डावीकडे बघा ना, तिथे वाट आहे."

हे डावीकडे वळले. वाट सापडली.

"तुला कसं कळलं?"

"अंदाज."

"तुझा अंदाज फारच चांगला आहे गं," म्हणाले आणि पुढे गेले.

बावीस संपले. तेविसावा छोटीसाठी राखून ठेवला. ती लांबच्या नोकरीवर रुजू होण्याआधी आठ दिवस आली, तेव्हा आल्या आल्या स्वयंपाकघरात मला विचारलं, "सांगितलंस?"

"नाही."

"मग मी नवशिकी बनते."

रविवारी दुपारी ह्यांनी स्वतः पडदे ओढले. फोन आला नाही. शेवटचा डबा घेतला, फोडला, यंत्रात घातला. टीव्हीवर त्या दोन ओळी आल्या. ह्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि 'पुढे सुरू करा' दाबलं.

दीपगृहाच्या शेवटच्या दारापुढे दोन माणसं उभी होती. तेरा वर्षं तिथेच उभी होती. माझ्याने छोटीकडे बघवलं नाही.

"कंपनीचं वेष्टन बाजूने चिकटवलेलं असतं," हे टीव्हीकडे बघतच म्हणाले. "हे मागून आहे. शर्टासारखं."

"म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? प्रत्येक गेमवर तारीख होती. सगळे रविवार. मी बसून आठवायचो, त्या दिवशी मी कुणाच्या दाराबाहेर होतो ते. मला इतकी वर्षं वाटायचं, छोटी रविवारी एकटी बसून असेल. नव्हती, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं." मग म्हणाले, "आणि वाईटही वाटलं."

छोटी म्हणाली, "बाबा, आम्ही वाट बघायचो. पहिले काही रविवार."

"माहीत आहे."

ह्यांनी दुसऱ्या कंट्रोलरवरचं रबर काढलं, पाचर खिशात टाकली आणि तो माझ्या हातात दिला.

"अहो, तुम्ही खेळायचं ठरलं होतं."

"हे दार तुमचं दोघींचं राहिलंय. माझं नंतर बघू."

आणि हे उठून मागे गेले, हॉलच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून.

छोटी शिडीने वर चढली, मी नेहमीप्रमाणे फरशीवर. दार उघडलं. पण हे शेवटचं दार होतं आणि इथे मागे राहून भागणार नव्हतं. मधे खोल फट होती आणि तिच्यावरून मलाही उडी मारायची होती. पहिल्यांदा मी पडले. दुसऱ्यांदाही पडले. खाली पाणी काळं दिसत होतं, वरून छोटी "आई, आत्ता" म्हणत होती, आणि माझा अंगठा बटणावरून मागे सरकला.

"घाई करू नका," मागून आवाज आला. "मी इथेच आहे."

मी बटण दाबलं.