घासलेला पत्रा

बाळीबाईंनी वीस वर्षं बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या चार घरांची भांडी घासली. चहाने काळं पडलेलं पातेलं त्यांच्या हातून गेलं की त्यात तोंड दिसायचं. गुडघे गेले तेव्हा त्या बारवी धरणाच्या बाजूच्या आपल्या पाड्यावर घरी बसल्या आणि सुनेच्या भांड्यांना हात घातला.

“आई, घासून घासून टोपाची चाळण झाली,” मीना म्हणायची. “आता भात शिजवू कशात?”

“चाळण झाली तं पीठ चाळ. पण काळा टोप माझ्या चुलीवर नाय चढायचा.”

गेल्या वर्षी पाड्यावर जुलाब-उलट्यांची साथ आली होती. विहिरीचंच पाणी बाधलं होतं. या वर्षी कॉलेजातली रिद्धी नावाची मुलगी तिच्या सरांबरोबर एक यंत्र घेऊन आली, तेव्हा ते कुणी सांभाळायचं यावर चर्चा झालीच नाही. स्वच्छ बाई म्हणजे बाळीबाई.

यंत्र म्हणजे विहिरीशेजारी चौथऱ्यावर ठेवलेली काचेची चपटी पेटी. आत हाताएवढा पत्रा उभा केलेला आणि वर सोलरचं पॅनल. पत्र्यावर ऊन पडलं, जोडीला पॅनलची थोडीशी वीज मिळाली, की पेटीतून हळूहळू जाणाऱ्या पाण्यातले जंतू मरतात, असं रिद्धीने सांगितलं. औषध नाही, उकळणं नाही. बाळीबाईंनी रोज बाहेरून काच पुसायची. महिन्यातून एकदा पान्याने झाकण उघडून साचलेला गाळ धुवायचा. आणि आठवड्याला पेटीतलं पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवायचं. दोन दिवसांत बाटली काळी झाली तर पाणी खराब.

तीन महिने एकही बाटली काळी झाली नाही. पाड्यावर कुणाचं पोट बिघडलं नाही. दर गुरुवारी रिद्धी स्कूटरवरून यायची, वहीत लिहायची, बाळीबाईंच्या हातचा कोरा चहा प्यायची.

मग तालुक्याहून साहेब लोक बघायला येणार असं कळलं. आदल्या दिवशी बाळीबाईंनी झाकण उघडलं. आतला पत्रा नेहमीसारखाच राखाडी, मळकट. पाहुण्यांपुढे असला पत्रा? त्यांनी काथ्या घेतला, चुलीतली राख घेतली, चिंचेचा कोळ घेतला आणि दुपारभर बसून तो पत्रा आरशासारखा केला. साहेबांनी काचेतून पाहिलं. “व्वा, नव्यासारखा ठेवलाय,” म्हणाले. बाळीबाईंनी ते मीनाला ऐकू जाईल अशा बेताने दोन वेळा पुन्हा विचारून घेतलं.

त्याच आठवड्याची बाटली काळी झाली.

रिद्धीने सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. वायरी तपासल्या, पॅनल पुसलं, पाण्याची धार आणखी बारीक केली. पुढची बाटलीही काळी. तिसऱ्या गुरुवारी तिने झाकण उघडून पत्रा जवळून पाहिला आणि चौथऱ्यावर बसून सरांना फोन लावला. बाळीबाई चहा घेऊन उभ्या होत्या.

“थर गेलाय, सर. पूर्ण. इथल्या पाण्यानेच खाल्ला असणार... हो. सोमवारी टेम्पो आणून पेटी उचलू. नाही, दुसऱ्या गावातही मग बसवायला नको.”

फोन ठेवून तिने डोळे पुसले.

“कसला थर गं बाय?” बाळीबाईंनी विचारलं.

“पत्र्यावरचा, मावशी. तो राखाडी होता ना, तोच. सगळं काम तोच करायचा. नुसत्या पत्र्याला काही अर्थ नाही. नॉनस्टिकच्या तव्यावर काळं असतं ना, तसं.”

नॉनस्टिक तवा बाळीबाईंना चांगला माहीत होता. कामाला लागल्या त्या पहिल्याच वर्षी एका घरचा नवा तवा त्यांनी तारेच्या घासणीने पांढराफेक केला होता. बोलणी खाल्ली ती त्या घरी स्वयंपाक करणाऱ्या कीर्तीने. बाळीबाई तेव्हा खाली मान घालून ताटं विसळत राहिल्या होत्या.

आताही कुणी विचारलं नव्हतं. सोमवारी पेटी गेली असती, दोष विहिरीच्या पाण्यावर गेला असता. सगळ्या बायका पुन्हा विहिरीचंच प्यायल्या असत्या, कारण रोज उकळायला लाकडं कुणाकडे होती?

“पाण्याने नाय खाल्ला,” त्या म्हणाल्या. “मी घासला.”

“काय?”

“राख आणि चिंच लावून. साहेब यायचे होते ना.”

रिद्धी बघतच राहिली. “मावशी, मी नुसतं पाण्याने धुवा म्हटलं होतं!”

“घासू नको असं तं नाय म्हणालीस.”

हे खरं होतं. पत्रा घासू नका, असं कुणाला सांगावं लागेल हे रिद्धीच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने चहा तसाच ठेवला. मग तिने सरांना पुन्हा फोन लावला.

नवा पत्रा यायला महिना लागला. तोवर पाड्यावर सगळ्यांना कळलं होतं. शेजारची बनूबाई येता-जाता विचारायची, “आमचा तवा देऊ का गं घासायला?” बाळीबाई स्वतः रानातून मोळ्या आणून हंडाभर पाणी उकळत आणि पोरं असलेल्या घरांत नेऊन देत. गुडघे सुजले तरी मीनाचं त्यांनी ऐकलं नाही.

रिद्धीने नवा पत्रा बसवला, झाकण घट्ट केलं आणि पाना त्यांच्यापुढे धरला. “या वेळी सर्व सांगते, मावशी. लिहूनही देते.”

बाळीबाईंनी काचेतून आत पाहिलं. तोच राखाडी रंग होता, कडेला डागही होते.

“मीनाला दे,” त्या म्हणाल्या. “मला हा मळकट बघवायचा नाय. कधीतरी हात जाईल माझा.”

मीनाने पदराला हात पुसून पाना घेतला. “शिकव गं ताई,” ती रिद्धीला म्हणाली. “मला घासायची तशी हौसच नाय.”

“ते दिसतंच तुझ्या टोपांवर,” बाळीबाई म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

त्या आठवड्याची बाटली काळी झाली नाही.