पास की बास

भिंतीलाही कान असतात म्हणे. मग त्यातला एक जोड काढून माझ्या पोरीला द्यायला तुझं काय जात होतं, असं टकमकची आई देवाला विचारायची, आणि तेही भांडणाच्या सुरात. पोर अडीच वर्षांची असताना तापाने फणफणली होती. आठ दिवसांनी ताप गेला, जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसायची, म्हणून चुलतभावाने तिला टकमक नाव ठेवलं. कानातल्या यंत्राने दार आपटलेलं तेवढं कळायचं, शब्द नाही.

आई हात धुऊन तिच्या मागे लागली. रोज सकाळ-संध्याकाळ आरशासमोर बसवायची आणि ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. ''प म्हण. कागद हलला पाहिजे. आता ब. गळ्याला हात लाव, थरथरतंय का बघ. आता म, नाकात गुणगुणलं पाहिजे.'' कारण या तिन्ही अक्षरांना ओठ सारखेच मिटतात. ''मामा आला'' असं आई म्हणाली की पोर दारात जाऊन बाबांच्या चपला शोधायची. खऱ्या मामाला ती भर पाहुण्यांत बाबा म्हणायची आणि तो बिचारा अर्धमेला व्हायचा. बोलणं आलं, चांगलं आलं, पण प आणि ब काही तिच्या जिभेवर वेगळे नांदले नाहीत.

शाळेत, दुकानात, दवाखान्यात लोक बोलायचे आणि आई ते सावकाश, मोठं तोंड करून तिला पुन्हा सांगायची. एकोणीस वर्षांची असताना कापडाच्या दुकानात टकमकने दुकानदाराचे ओठ स्वतःच वाचले. ''ठार बहिरी आहे काय ही?'' तो म्हणाला होता. आईने वळून सांगितलं, ''हा रंग तुला शोभेल म्हणतात.''

घरी येऊन ती उखडली. ''तू खोटं सांगतेस मला!''

''खोटं नाही गं,'' आई म्हणाली. ''खडे निवडून सांगते.''

त्या दिवसापासून पोरीच्या जिवाला स्वस्थता नाही. आजवर जगाने आपल्याला काय काय म्हटलं असेल, हेच तिला रात्रंदिवस कुरतडायचं. आईवर माया होती, रागही होता आणि रागाची लाजही वाटायची. आपलं एक तरी काम असं असावं की जिथलं बोलणं, गोड असो की कडू, थेट आपल्याकडे येईल, एवढंच तिला हवं होतं.

बाविसाव्या वर्षी तिला दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका लॅबमध्ये सात दिवस काम करून दाखवायला बोलावलं. जन्मभर लोकांची तोंडं बघितलेली पोर, तिला याहून बरं काम कुठलं मिळणार! तिने आईला बजावलं, ''तू त्या दारात पाय ठेवायचा नाहीस.'' आईने कडू काढा प्यावा तसं तोंड केलं आणि हो म्हणाली.

पण तिथे पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. कवळीचे दात यंत्रावर घासताना भुकटी उडते, म्हणून सगळ्यांच्या तोंडावर मास्क. एक ओठ दिसेल तर शपथ! मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, मास्कआडून काहीतरी सांगायचे आणि ही नुसती मान डोलवायची. विचारायची हिंमत झाली नाही. शेजारच्या बाईचे हात बघून ती शिकली. मेण किती तापवायचं, दात कुठल्या कोनात बसवायचा, सगळं. डोळे आणि हात तिचे आधीपासूनच तयार होते.

सातव्या दिवशी तिने मेणात अख्खी कवळी बसवून काकांपुढे ठेवली. त्यांनी वरचा-खालचा जबडा मिटवून पाहिला. हातातला फोन थरथरत होता. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, एकच शब्द उच्चारला, मास्क वर केला आणि फोनवर बोलायला लागले.

बास.

तिने पिशवी उचलली आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी गेली नाही. आईच्या पायाला भिंगरी लागली. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते दार. शेवटी तिच्याने राहवेना. ''काका नक्की काय म्हणाले?''

''बास म्हणाले.''

आई थबकली. तिने लेकीचा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि शब्द उच्चारला. गळा सुरुवातीलाच थरथरला. मग पुन्हा उच्चारला. ओठ तसेच, पण या वेळी थरथर उशिरा आली.

''हे बास. आणि हे पास,'' आई म्हणाली. ''तू कुठला वाचलास?''

टकमक खालीच बसली. पास म्हणाले असतील तर आपण भरल्या ताटावरून उठून आलो. बास म्हणाले असतील तर परत जाऊन हसं करून घ्यायचं.

आईने पायात चपला सरकवल्या. ''पाच मिनिटांत विचारून येते.''

''नाही!'' टकमक दारात आडवी उभी राहिली. ''मी जाते.''

''बरं बाई. रस्त्यापर्यंत तरी येऊ दे,'' आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

लॅबच्या काचेच्या दाराबाहेर आई थांबली. आत काकांनी हिला पाहून हात उडवले आणि ते मास्कआडून बरंच काही बोलले, बहुतेक रागाने. टकमक सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

''मास्क काढा,'' ती म्हणाली. ''मला ऐकू येत नाही, दिसतं. काल पास म्हणालात की बास?''

काका गोंधळले. तिच्या तोंडून दोन्ही शब्द एकच बाहेर पडले होते. ''काय? पास की पास?'' ते शेजारच्या बाईकडे बघायला लागले. बाईने खांदे उडवले. मग काकांना काचेबाहेर पोरीच्याच तोंडवळ्याची बाई दिसली. त्यांनी मास्क खाली ओढला.

''ती तुझी आई ना? बोलव तिला आत. तिला सांगतो, ती तुला समजावेल.''

हे मात्र टकमकने स्वच्छ वाचलं. मान वळवली असती तर आई धावत आली असती आणि दोन मिनिटांत सगळं सोपं झालं असतं.

''नको,'' ती म्हणाली. ''मला सांगा. सगळं सांगा.''

काकांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर तोंड करून बसले. कवळी उत्तम होती, काम तुझंच, ते म्हणाले. पण न सांगता निघून जाणं त्यांना मुळीच आवडलं नव्हतं, सात दिवस नुसती मान डोलवणंही नाही, आणि पुन्हा असं झालं तर ते दुसरी कोणी बघणार होते. ती एकेक शब्द ओठांवरून उचलत होती. एकही खडा कोणी काढलेला नव्हता. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

काचेपलीकडे आई पाय उंचावून उभी होती. तिला दोघांची तोंडं हलताना दिसत होती, ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.