काशाची वाटी

यवतमाळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी भांडी मोडीत घेणारे एक काका बसतात. प्रत्येक भांडं ते नखाने वाजवतात आणि डोळे मिटून ऐकतात. अडगळ काढताना सापडलेली वाटी मी पितळेची समजून नेली, ती त्यांच्या हातात बराच वेळ घुमत राहिली.

"हे पितळ नाही माय, कासं आहे. तळपायाले तूप घासाची वाटी. घरी इचारलं न?"

विचारलं नव्हतं. तरी मी होकारार्थी मान हलवली आणि मोडीचे पैसे घेतले.

आठवड्याने पायांची आग होते म्हणून आई तीच वाटी शोधू लागली. मी धावत गेले, पण वाटी वितळवायला गेली होती.

"मीच अजून एकडाव इचाराले पायजे होतं," काका म्हणाले.

मी खोटं सांगितलं होतं, हे तेव्हाही मला सांगता आलं नाही.