चुडा भरणारा हात

सोलापूरकडच्या वाशीच्या बाजारात तीस वर्षं बांगड्या विकणाऱ्या रजियाबीला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. पंजा नुसता दाबून ती माप सांगायची. चुडा भरून झाला की बायका, मग त्या कुठल्याही जातीच्या असोत, तिला वाकून नमस्कार करायच्या.

सदुसष्ट सालच्या मार्गशीर्षात मल्लिकार्जुन आडत्याच्या लेकीचं लग्न निघालं. नवरीला चुडा भरताना रजियाबीच्या हातून तीन बांगड्या एकामागोमाग वाढल्या, काच लागून रक्तही आलं. रजियाबीचा हात मांडीवर असला की गप्प असायचा. पण बांगडी बोटांशी नेली की जवळ जाईल तसा जास्तच थरथरायचा आणि पुढं जाऊन आपटायचा. हल्ली चालताना तिचा तोलही जायचा. नवरीची आई अयोध्याबाई उठली, भरल्या मांडवात रजियाबीच्या तोंडाशी नाक नेलं आणि म्हणाली, "शिंदी पिऊन आलीया ही."

ते रमजानचे दिवस. पहाटेपासून रजियाबीनं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. रोज्यानं सुकलेल्या तोंडाला वास येतो, हे शेजारात जन्म काढलेल्या बाईला ठाऊक नसावं?

पाठोपाठ दहा घरांनी तिला बोलावणं बंद केलं. ते एक असो. पण पोटचा पोरगा गफार, त्यानं आईची ट्रंक उपसून दारूची बाटली आहे का पाहिलं, तेव्हा मात्र तिच्या अंगाची लाहीलाही झाली. सोलापूरच्या डॉक्टरकडं न्यायचं सुचलं ते सून नसीमबीला.

डॉक्टर सगळं गफारलाच सांगायला लागले, तशी रजियाबी म्हणाली, "हात माझाय. मला सांगा."

ते ओशाळले आणि तिच्याकडं वळले. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, म्हणाले. त्यातल्या मोठ्या पेशी पुढच्या पेशींना 'चला' म्हणत नाहीत, फक्त आवरतात: बस, एवढंच. शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठं पक्कं कळलंय. तिच्या त्या पेशी झिजत चालल्या होत्या. हात निघायचा, पण त्याला वेळेवर आवरणारं आत कुणी उरलं नव्हतं. यावर औषध नाही. दारूनंही माणूस असाच झोकांडतो, तेव्हा लोक फसले यात नवल नाही.

"फसले न्हाईत, डाक्टरसाब," रजियाबी म्हणाली. "इचारलंच न्हाय कुणी."

त्यानंतर दुकानात नसीमबी बसू लागली. आडत्याच्या लेकीला सातवा महिना लागला, तेव्हा हिरवा चुडा भरायचं बोलावणं नसीमबीला आलं. रजियाबी बोलावणं नसताना तिचा खांदा धरून गेली आणि पोरीचा पंजा आपल्या मांडीवर घेऊन दाबला.

"सव्वादोन," ती म्हणाली. त्या मापाच्या बांगड्या नसीमबीनं भरल्या. एकही वाढली नाही.

पोरीनं नमस्कार केला. मग अयोध्याबाईही सवयीनं वाकली.

"वाकलाच हाव तर तोंडाशी या," रजियाबी म्हणाली. "आजबी वास घ्या. आन् तवासारखं सगळ्यास्नी सांगा."

ओटी भरायला आलेल्या बाया माना वर करून बघू लागल्या. अयोध्याबाईनं लेकीकडं पाहिलं, लेकीनं नजर वळवली. शेवटी अयोध्याबाई पुढं झुकली.

"न्हाय येत," ती पुटपुटली.

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाय," रजियाबी म्हणाली आणि तशीच बसून राहिली.