वन्स मोअरचा डाव

मामीचा फोन आला तेव्हा मी एका मोटारीच्या गिअरबॉक्सचा आवाज मोजत होते. तोच माझा पेशा आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बसून गाडी कुठून, किती आणि का आवाज करते हे शोधायचं.

"गेल्या साली नाटकात माईक नुस्ता शिट्ट्या मारालता," मामी म्हणाली. "यंदा तू ये बघायला. गाड्यांचं बघतीस, मग माईक काय अवघड हाय?"

मामाच्या गावात रताळी निघून शेतं मोकळी झाली की मंडळ एक जुनं संगीत नाटक बसवतं. नाटकाचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम गाळलं आहे. बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या वाटेवर, एवढं पुरे. कारण शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

शनिवारी पहाटे स्वारगेटहून एसटी पकडली. जाणाऱ्या मैत्रिणींसाठी माहिती: महिलांचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच. कोगनोळीचा नाका ओलांडला की पुढचे पैसे पूर्ण. निपाणीला बस नाश्त्याला थांबली. तंबाखूच्या वखारींचा उग्र वास आणि गरम कांदाभजी एकत्र कशी लागतात ते सांगता येणार नाही, पण मी दुसरी प्लेट घेतली.

बेळगावच्या स्टँडवर गावची बस धरली. इथे बायकांना प्रवास फुकट असतो, फक्त आधार कार्ड कर्नाटकातलं लागतं. कंडक्टरने माझं कार्ड उलटसुलट पाहिलं, आधी कानडीत आणि मग मराठीत हळहळला.

"पुण्याचं हाय की हो आक्का. तिकीट काढा."

शेजारच्या म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पुण्यात लगीन करून दिल्यात व्हय? मग भर पैसे."

लग्न झालेलं नाही हे मी सांगितलं नाही. तिकीट काढलं.

मामा अठ्ठावन्न वर्षांचा आहे. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून नुकताच निवृत्त झाला. नाटकात तो पंचवीस वर्षांचा राजपुत्र असतो आणि गेली कित्येक वर्षं त्याचं वय वाढलेलं नाही. मी पोचले तेव्हा तो केसांना कलप लावून उन्हात बसला होता आणि बोलायचं टाळत होता. आवाज राखून ठेवायचा म्हणून.

तांदळाची भाकरी आणि अख्खा मसूर पानात पडल्यावर खरी अडचण मामीने सांगितली. मंडळाचा एक अलिखित कायदा आहे. पदाला प्रेक्षकांतून वन्स मोअर आला की ते पुन्हा म्हणायचंच. नाही म्हणणं हा गावाचा अपमान. आणि म्हणताना आवाज फाटला, तर पुढच्या वर्षी नायक बदलायचा.

"दुसऱ्या अंकातलं पद लई वर जातंय," मामी म्हणाली. "एकदा म्हणतील हे. दोनदाबी कसंतरी. तिसऱ्यांदा न्हाय जमायचं."

"मग तीनदा मागेल कोण?"

मामीने पानात आणखी मसूर वाढला. "बाळूअण्णा हाय की."

बाळूअण्णा पिरनवाडीचा. तिथे त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि इथे तो अनेक वर्षं खलनायक करतो. संध्याकाळी मी रंगमंचाच्या डाव्या-उजव्या टोकांना माईक टांगत होते तेव्हा तो स्वतः आला. शिडी धरली, चहा मागवला, फार गोड बोलला.

"तुझ्या मामाचा आवाज म्हंजे काय सांगू! एकदा ऐकून पोट भरत न्हाय बघ. आमच्या पिरनवाडीचे लोक टेम्पो भरून यायल्यात, खास त्या पदासाठी."

कौतुकाने एखाद्याचा काटा काढता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

रंगमंच देवळासमोर होता. पेटीवर मामी. ती भजनी मंडळात वाजवते, इथेही वर्षानुवर्षं तीच. तबलेवाल्यापुढे एका डग्ग्याला तीन तबले ओळीने मांडलेले होते.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"एखादा फुटला तर?" मामी म्हणाली आणि पेटीवरची धूळ पुसू लागली.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो आणि हे नाटक वन्स मोअर धरून पाच तास चालतं. तिकीट नाही. बसायला ताडपत्री, पण स्वतःची सतरंजी नेलेली बरी. बाहेर रताळी भाजून मिळतात, मीठ मागून घ्या. मी माईकचा मिक्सर घेऊन मधोमध, प्रेक्षकांच्या मागे बसले. टेम्पो उजवीकडे उतरला.

दुसऱ्या अंकात मामाने ते पद घेतलं. खरंच चांगलं म्हटलं. शेवटची तान संपायच्या आत उजवीकडून गर्जना झाली. "वन्स मोअर!" मिक्सरवर डाव्या माईकचा काटा जेमतेम हलला, उजव्याचा लाल पट्ट्यात गेला.

मामाने नमस्कार केला. मामीने भाता मारला. तबलेवाल्याने पहिला तबला बाजूला सारून दुसरा पुढे ओढला.

सवयीने मी फोनवर स्वर मोजायचं अ‍ॅप उघडलं. पद काळी दोनमध्ये सुरू झालं होतं. आता ते पांढरी दोनमध्ये होतं. पेटीवरची एक पट्टी खाली, आणि दुसरा तबला आधीच त्या पट्टीला लावलेला. गाणं तेच राहतं, पण वरचा सूर तेवढाच जवळ येतो.

पुन्हा गर्जना. मामी पुन्हा एक पट्टी उतरली, तिसरा तबला पुढे आला. मामा आता पहिल्यापेक्षा मोकळा गात होता. वरच्या सुरावर तो इतका रेंगाळला की पुढे बसलेल्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या. टेम्पोतली मंडळी एव्हाना घोगरी झाली होती. विंगेत बाळूअण्णा मिशी चिकटवत उभा होता. मिशी वाकडी बसली.

मामीचा चेहरा देवळात भजनाला बसल्यासारखा होता. तिने एकदाच माझ्याकडे, मग माझ्या फोनकडे पाहिलं. मी फोन उलटा ठेवला.

शेवटच्या अंकात बाळूअण्णाचं एकुलतं एक पद होतं. त्याने ते व्यवस्थित म्हटलं, काळी एकमध्ये, आणि घाईने विंगेकडे वळला. टेम्पोवाले गप्प. तेवढ्यात कुठूनतरी आवाज आला, एकच, पण स्वच्छ. "वन्स मोअर!"

बाळूअण्णा थबकला. कायदा म्हणजे कायदा. तबलेवाल्याने क्षणाचाही विचार न करता मधला तबला ओढला. मामीने पट्टी चढवली. वरच्या सुरावर बाळूअण्णाचं जे झालं त्याला आमच्या प्रयोगशाळेत बेअरिंग गेलं असं म्हणतात. गाव हसलं. सगळ्यात आधी टेम्पोवाले हसले.

सोमवारी सकाळी मला स्टँडवर सोडायला बाळूअण्णाच मोटारसायकल घेऊन आला. वाटेत थांबून मला बेळगावचा खव्याचा कुंदा घेऊन दिला, पैसे देऊ दिले नाहीत.

"खलनायकच बरा बाबा," तो म्हणाला. "मामाच राहू दे राजपुत्र." बस येईपर्यंत तो घुटमळला. "पर एक कळंना बघ. माझ्या पदाला तोंड उघडू नका म्हणून पोरांना ताकीद दिलतो. तरी कोण वरडलं?"

"टेम्पोतलंच कुणीतरी असेल."

"बाईचा आवाज होता गं. टेम्पोत बाई एकबी नव्हती."

"असं?" मी म्हणाले. बस लागली.

पुण्यात येऊन आठवडा झाला. मी सहसा कुठल्याही गावाच्या भांडणात पडत नाही. घरच्या लग्नांतही मी मागच्या रांगेत बसते. कुंदा दुसऱ्या दिवशीच संपला. कलप लावून ऊन खात बसलेला मामा मात्र अजून आठवतो, आणि मामीची पेटीवर सरकलेली बोटंही.

मंडळाने रेकॉर्डिंग मागितलं होतं. कालच पाठवलं, शेवटच्या अंकातला एक सेकंद कापून. मूळ फाइल माझ्याकडे आहे. त्यातली ती एक हाक उजवीकडून येत नाही आणि डावीकडूनही येत नाही. ती मधून येते, मिक्सरच्या खुर्चीतून.